दरीतल्या भोवऱ्याचं नाव

मी, एव्हरेट लिंडक्विस्ट, वय एक्याऐंशी, निवृत्त सरकारी भूमापक, राहणार रिगिन्स, आयडाहो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. नदीकाठचं घर आणि बँकेतली शिल्लक माझी सून नोरीन हिला द्यावी. छप्पर गळतं, हे तिला ठाऊक आहे.

२. मोजणीचं थिओडोलाइट यंत्र आणि त्याची तिवई शाळेला द्यावी. पुतण्या ग्लेनला देऊ नये. त्यानं त्या तिवईला हरीण टांगून सोललं होतं.

३. सॅमन नदीची ही दरी मी उभी-आडवी मोजली. रान इतकं दाट, की विमानातून काढलेल्या फोटोंत नुसते झाडांचे शेंडे दिसत. जमीन बघायला खाली उतरावंच लागे. मोजणी झाली की आम्ही वस्तीवर ओढ्यांची, सुळक्यांची नावं विचारायचो. लोक म्हणतील ते नकाशावर. येत्या उन्हाळ्यात नवा नकाशा करणारे येत आहेत.

४. त्या दरीतल्या एका भोवऱ्यात सहा वर्षांपूर्वी होडी उलटून माझा मुलगा गेला. प्रेत मिळालं नाही. नावाडी त्या भोवऱ्याला त्याच्याच नावानं ओळखतात. लायल टकर तर पर्यटकांना सांगतो, "घट्ट धरा, हा अजून पाय ओढतो," आणि लोक हसतात. मी काठावरून ऐकलं आहे. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. माझी मोठी होडी लायलला द्यावी, पण एका अटीवर: नकाशावाल्यांना त्यानं आणि त्याच्या माणसांनी "त्या जागेला नाव नाही" असंच सांगावं. माझं पोर गिळणारी जागा त्याच्या नावानं छापली जाऊ नये.

५. वरचं कलम काल नोरीनला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "बाबा, लायल मूर्खच आहे. पण तो नाव तरी घेतो. तुम्ही सहा वर्षांत एकदा तरी घेतलंत? मी घेतलं की रेडिओ मोठा करता. उद्या त्यांनीही सोडलं, तर मी ते कुणाच्या तोंडून ऐकू?"

लायलवरचा राग तसाच आहे, तो माझ्याबरोबर जाईल. होडी मात्र त्याला विनाअट द्यावी. नकाशावाल्यांना नोरीनकडे पाठवावं. ती सांगेल ते छापावं. अक्षरं चुकू नयेत म्हणून मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो: एल्डन. माझा मुलगा एल्डन.

सही: एव्हरेट लिंडक्विस्ट

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
मार्व्हिन ओबर्ग, पोस्टमन
डोलोरेस इंग्रॅम, शेजारीण

रिगिन्स, १४ मार्च १९८९