गाझातल्या गच्चीवरच्या टाक्या

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र लिहायला मला आज मुहूर्त सापडला! हसू नका. शुक्रवारी गाझाहून सामीचा फोन आला, तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं डोक्यात आहे. सामी म्हणजे आमच्या प्रकल्पाचा तिथला इंजिनिअर. म्हणाला, "काल वस्तीत दिवसभर वीज नव्हती, पण एकाही घरातलं पाणी गेलं नाही."

आठवतो ना प्रकल्प? युद्धात पडलेली घरं पुन्हा उभी करायला न्यूझीलंड सरकारने मदत दिली आणि त्यातलं पाण्याचं काम आमच्या वेलिंग्टनच्या ऑफिसकडे आलं. तुम्ही तेव्हा इथे वेलिंग्टनजवळ, अप्पर हट गावात माझ्याकडे राहायला होतात. किती खूश झालात! "एवढासा देश, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि पाणी पोचवतोय कुठल्या कुठे!" कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेलात, तर तिथल्या दुकानदारालाही ही बातमी देऊन आलात.

मग तो रविवार. पोहे खाऊन झाल्यावर मी टेबलावर नकाशा पसरला. पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेला माणूस, नकाशा दिसला की बोट फिरणारच.

"सुमे, गच्चीवर टाक्या दिसत नाहीत त्या?"

"चोवीस तास पाण्याची योजना आहे बाबा. टाक्या मुद्दाम वगळल्यात. शेवाळं धरतं."

"आणि वीज? ती असते का चोवीस तास?"

मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी चिडले. "हे तुमचं खातं नाहीये! रिटायर झालात ना? मग हेल्प नका करू, प्लीज!" ईरा मध्ये पडली, "आजोबा, इट्स ओके, ममा इज जस्ट स्ट्रेस्ड." तुम्ही चष्मा डबीत ठेवलात आणि मटार सोलायला बसलात.

पण तुम्ही तरी एवढ्यावर का थांबलात हो? माझ्या एका वजाबाकीसाठी तासभर वाद घालणारे तुम्ही!

आणि मला तरी हे सुचायला नको होतं? साताऱ्याला आपल्याकडे दिवसाआड पाणी यायचं. पिंप, हंडे, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवण्यात बालपण गेलं माझं. दहा वर्षं इथल्या नळाचं पाणी प्यायले आणि सगळं साफ विसरले.

तुम्ही परत गेलात आणि महिन्याभरात व्हिडिओ कॉलवर सामीचा पहिलाच प्रश्न आला, "टाक्या कुठे आहेत?" वीज दिवसातून मोजके तास, तेवढ्यातच पंप चालणार. टाकी नसेल तर बाकी वेळ घर कोरडं! मला तोंड कुठे लपवू असं झालं. नकाशा नव्याने काढला, प्रत्येक गच्चीवर टाकी दाखवली. बॉस म्हणाला, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास.

तुम्हाला मात्र कळवलं नाही. फोनवर काय सांगायचं, दिवाळीला जाईन तेव्हा समोर बसून सांगेन, कान पकडेन, असं ठरवलं होतं. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला नाहीत.

सामीने फोटोही पाठवलाय. नवी कोरी घरं, वर काळ्या टाक्या, आणि एक आजी नळाखाली टोमॅटो धुतेय. फार छान वाटलं, बाबा. दोन दिवस ऑफिसात उगाचच सगळ्यांना चहा पाजतेय.

आईलाही फोटो पाठवला. ती म्हणाली, "शेवटपर्यंत म्हणायचे गं, पोरीच्या कामात मी उगाच नाक खुपसलं."

हे मनात घेऊन गेलात तुम्ही? इतके दिवस?

पुढच्या महिन्यात दुसऱ्या वस्तीचं काम सुरू होतंय आणि आईही राहायला येतेय. नकाशा आधी तिच्यापुढे ठेवीन. ती काय म्हणेल ते शब्दही न बोलता ऐकेन, शप्पथ. पण त्याआधी तिला जवळ बसवून एवढं सांगेन, की बाबा बरोबर होते, आणि ते असतानाच मला हे ठाऊक झालं होतं.

तुमची चिडकी,
सुमेधा