शुभवर्तमानाचं पारायण

वन्सं, आधी दारात आली ती शेजारच्या कडूबाईची शेळी, अन् तिला हाकलत मागून मिशनातल्या सुमनबाई! (तुमाला दंडवत अन् तुमच्या गुडघ्याची इचारपूस राहिलीच. केली असं धरून चाला.)

निजामाचं राज गेलं, गावात मराठी शाळा निघाली, अन् मास्तरांनी आमा बायांना बी अक्षरं शिकवली. पण घरात वाचायला होतं काय? तंबाखूच्या पुडीचा कागद! म्हणून सुमनबाईंनी बायबलातलं शुभवर्तमान दिलं तशी मी हरखले. न्हाऊन पोथी पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं अन् सप्ताहच लावला. वाचताना बोलायचं न्हाई, म्हणून सुनेनं मीठ कुठं हाय इचारलं तरी बोटानं दाखवलं. सुमनबाई पुन्हा आल्या. म्हणल्या, "आजी, काय समजलं?" मी म्हणलं, "अवं बाई, पारायणात समजायचं कशाला? पुण्य लागतंय की!" हसून हसून त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. मग म्हणल्या, एकेक ओळ घ्या. कोण बोललं, कुणाला बोललं, का बोललं, ते आधी बघा.

लय झ्याक रीत हाय, वन्सं. (घरात बी चालती. सून भांडे आपटून "मला काय त्याचं" म्हणली. बोलली मला, पण ऐकवलं नवऱ्याला, नव्या लुगड्यासाठी!) आता एका धाकट्या लेकाची गोष्ट चालू हाय. बाप जित्ता असताना वाटणी घेतली, परमुलखात उधळली, अन् आता उपाशी डुकरं राखायलाय. मी सुमनबाईंना इचारलं, ह्याची आई कुठं हाय? दोघींनी पान पुन्हा बघितलं. आई लिहिलेलीच न्हाई! तरीच, भाकर बांधून दिली न्हाई कुणी.

पण तुमचा भाचा किशन बिथरलाय. "आई, लोक म्हणायलेत म्हातारी बाटली. ती मिशनातली बाई दारात नको." अरे, ह्या वयात देव बदलून मी काय करू? मला वाचलेलं कळू दे, एवढंच. ऐकतच न्हाई, सुमनबाईंना येऊ नका म्हणून सांगितलं. तिकडं ते पोरगं डुकरांत अडकलंय, अन् माझं एकटीचं वाचणं अजून ओळीओळीला अडखळतंय.

तुमची भावजय,
पार्वती, ताडकळस

ता. क. : लोणचं धाडा म्हणणार होते, ते ऱ्हाऊ द्या. तुमीच झरीहून या. किशन आईला भीत न्हाई, आत्याला भितो.

आणखी ता. क. : आत्ताच किशन दाराआडून म्हणला, "मग त्या गोष्टीतलं पोरगं घरी आलं का?" मी म्हणलं, मला काय ठावं, सुमनबाईंचं येणं तर तूच बंद केलंस. दाराआडून पुढं आला, अन् म्हणला, "बाई कधी येणार हायेत?" तवा धाक घालायला नका, गोष्ट ऐकायला या. सुमनबाईंना बेस्तरवारी या म्हणून सांगावा धाडते.