म्यानावरची चिठ्ठी

डोंबिवली,
गुरुवार, ता. ३ मार्च १९५५

ती. आत्यास मंदाचा नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे आईचा खोकला थांबला, बाबा कचेरीतून वेळेवर घरी येतात. मी ठीक आहे.

आधी एक चूक दुरुस्त करते. जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की नाटकाच्या सामानाच्या पेटीत तलवारी सहा होत्या. यादीत सात आहेत. यादी माझ्याच अक्षरातली आहे, तेव्हा विसरले असं म्हणायलाही जागा नाही.

एवढ्यासाठी कार्ड पुरलं असतं, असं तू म्हणशील. म्हणून आणखी एक. विमानातून ढग पिंजलेल्या कापसासारखे दिसतात, असंही मी लिहिलं होतं. ते मी एका मासिकात वाचलेलं आहे. जागा खिडकीशी मिळाली होती, पण दिल्ली येईपर्यंत मी बाहेर पाहिलं नाही.

आता क्रमाने लिहिते. लहानपणी मला काही सांगायची घाई झाली की तू म्हणायचीस, "आधी काय झालं ते सांग. तुला काय वाटलं ते शेवटी." तसंच करते.

आमच्या ठाण्याच्या नाट्यमंडळाला दिल्लीतल्या मराठी लोकांनी बोलावलं, हे तुला माहीत आहे. नाटक ऐतिहासिक, म्हणजे ढाली-तलवारी आल्याच. हे सगळं सहदेव बनवतो. हा कळव्याचा. आधी मिठागरावर होता, आता ठाण्याला मुलींच्या शाळेत शिपाई आहे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून तो तलवारी करतो आणि वर चंदेरी कागद इतका बेताने चिकटवतो की जोड दिसत नाही. सामानाची यादी आणि पेटीची किल्ली माझ्याकडे असते.

नाटक बसवणारे श्रीपादराव त्याला सारखे टोचत. एका तालमीत म्हणाले, "सहदेव, ही तलवार आहे की उलथनं? नायकाने ती उपसली की शत्रू घाबरायला पाहिजे, त्याला भूक लागून कसं चालेल?"

सहदेव म्हणाला, "सायेब, तुमचा शत्रू पोस्टात कारकून हाय. तो लाकराला पन घाबरंल."

सगळे हसले. श्रीपादरावही हसले, पण हट्ट सोडेनात. नायक तलवार उपसतो तेव्हा खण्ण असा आवाज हवा. लाकूड म्यानातून निघतं तेव्हा झाडू ओढल्यासारखं वाटतं, असं ते रोज म्हणत. मी रोज ते ऐकत होते.

सगळी मंडळी १९ जानेवारीला कल्याणहून मेलने निघाली. मी जाणार नव्हते, आणि सहदेवला इतकी रजा नव्हती. दुसऱ्या दिवशी भुसावळहून तार आली. पेटी कल्याणच्या फलाटावरच राहिली, प्रयोग शनिवारी, विमानाने आणा. अध्यक्षांनी धावपळ करून दोन तिकिटं मिळवली. पेटी सहदेवने सांभाळायची, आणि विमानतळावरचे इंग्रजी कागद भरायला मी. दिल्लीला श्रीपादरावांच्या पत्नी उतरवून घेणार होत्या, म्हणून बाबांनी हो म्हटलं.

शुक्रवारी २१ तारखेला आम्ही सांताक्रूझला पोचलो. तिथे सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात, हे आम्हाला कुठे माहीत? सहदेवला काट्यावर उभं केलं तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "बाय, यो मना कंला जोखतोय? मी काय मिठाची गोन हाय?" मला इतकं हसू आलं की माझं वजन करताना काटा हलत होता. हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं आणि ते खरं आहे.

पुढचं खरं नाही.

तिथल्या अधिकाऱ्याने यादी मागितली. मी इंग्रजीत केली होती आणि शेजारी मराठीतही लिहिलं होतं. ढाली चार. पिस्तूल लाकडी, एक. तलवारी शोभेच्या, सात. त्याने पेटी उघडायला लावली. एक तलवार उचलून टेबलाच्या कडेवर हलकेच आपटली. टक. बाजूला ठेवली. दुसरी. टक. तो कंटाळला होता, मान वर न करता एकेक आपटत होता. सहा झाल्या. सातवी तळाशी बाबांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळलेली होती. त्याने ती म्यानातून काढली, तेव्हाच आवाज झाला, आणि टेबलाला लागल्यावर तो आवाज बराच वेळ राहिला. रांगेतले लोक वळून बघायला लागले. आत्या, श्रीपादराव महिनाभर मागत होते तो हाच आवाज.

अधिकाऱ्याने विचारलं, "हे कोणाचं?"

तुला मी लिहिलं की सहदेवच्या गावातल्या कुणाची तरी तलवार चुकून पेटीत आली, आणि त्याने तसं कबूल केलं. तू उत्तरात लिहिलंस, "बरं झालं, तू वाचलीस. असल्या माणसांच्या भरवशावर पुन्हा कुठे जाऊ नकोस." हे वाक्य मी परवापासून पुन्हा पुन्हा वाचते आहे.

ती तलवार आपली आहे. माजघरात फडताळावर खिळ्याला असायची ती. १७ तारखेला आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती तेव्हा मी स्टुलावर चढून ती काढली. बाबांना विचारलं नाही आणि सहदेवलाही सांगितलं नाही. वाटलं, प्रयोग झाला की परत टांगेन, आणि त्या आवाजाबद्दल सगळ्यांच्या देखत माझं नाव घेतलं जाईल. मोह एवढाच होता.

यादीत "शोभेच्या" लिहिताना हात अडखळला होता. मग मी स्वतःला सांगितलं की यात खोटं काय? म्यानावर तसंच लिहिलं आहे.

तुला आठवतं ना? मला अकरा वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलं नव्हतं, तूच शिकवायचीस. अक्षरओळख व्हावी म्हणून तू घरभर कागदाच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवल्या होत्यास. फडताळ. उखळ. समई. देवघर. मी बोट ठेवत फिरायची. त्याच सुमारास घरोघरी हत्यारांची चौकशी झाली होती, आणि आजोबांनी दारातल्या शिपायाला सांगितलं होतं, "शोभेची आहे हो." त्या दिवशी तू म्यानावर चिठ्ठी लावलीस, "शोभेची तलवार". मी तुला विचारलं, दसऱ्याला हिने आजोबा कोहळा कापतात, मग ती शोभेची कशी? तू म्हणालीस, "लिही गं दहा वेळा. विचारू नकोस." मी दहा वेळा लिहिलं. बाकीच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून पडल्या. ती मात्र टिकली.

तुला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. तेव्हा मी सात वर्षांची होते. आता बावीस.

तर अधिकाऱ्याने विचारलं, हे कोणाचं. मी गप्प राहिले एवढंच असतं तर हे पत्र कदाचित लिहिलंही नसतं. मी मान वळवून सहदेवकडे पाहिलं. अधिकाऱ्याने माझी नजर पाहिली आणि तोही सहदेवकडे पाहायला लागला. सहदेवने ती तलवार जन्मात पाहिली नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तलवारीकडे, आणि म्हणाला, "माजी हाय, सायेब."

त्याला बाकावर बसवून शेजारी हवालदार उभा केला. लाकडी सामान सोडलं. माझ्या तिकिटावर शिक्का मारला. मी त्याच्याजवळ गेले, तेव्हा तोच म्हणाला, "बाय, तू जा. नाटक थांबंल." आणि मी गेले, आत्या. जिना चढून विमानात बसले. त्या दिवशी बाहेर ढग होते की नव्हते, मला माहीत नाही.

प्रयोग चांगला झाला. नायकाने लाकडी तलवार उपसली त्या क्षणी श्रीपादरावांनी पडद्यामागे दोन लोखंडी उलथनी एकमेकांवर घासून आपटली. खण्ण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहिजे होता तो आवाज मुदपाकखान्यातच मिळाला.

घरी आले तर माजघरातल्या त्या खिळ्याला नवीन वर्षाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. बाबांनी टांगलं होतं. आमच्या तिघांचं जेवण रोज त्या कॅलेंडरासमोर होतं. बाबा ज्या कचेरीत बसतात तिथेच हत्यारांच्या परवान्यांचे कागद येतात, आणि आपल्या तलवारीला परवाना कधीच नव्हता. तुला हे माहीत आहे. मला या दीड महिन्यात कळलं.

सहदेव जामिनावर सुटला. श्रीपादराव म्हणाले, "त्याने आपणहून कबूल केलंय. दंड होईल, तो मंडळ भरेल. तू मधे पडू नकोस. मुलीचं नाव कोर्टात गेलं की मग ते पुसता येत नाही." मी मान डोलावली. दंडच होणार, असं धरून बसले.

गेल्या रविवारी कळव्याला गेले. ठाण्याला उतरून खाडीच्या पुलावरून चालत. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सहदेव ओट्यावर कुणाच्या तरी पाळण्याचा खूर तासत होता. त्याच्या बायकोने, गोदाने, पाणी दिलं आणि एक लिफाफा हातात ठेवला. "यो शालेतना आलाय. मास्तर वाचतो बोल्ला व्हता, पन तुमी आलाव तर तुमीच वाचा."

मी वाचला. मोठ्याने, कारण तशीच वाट बघत दोघं बसले होते. "सदर इसमाने हत्याराच्या म्यानावर 'शोभेची तलवार' अशी चिठ्ठी स्वहस्ते लिहून चिकटवली व अधिकाऱ्यांची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला, असा आरोप आहे. सबब निकाल होईपर्यंत त्यास कामावर घेऊ नये. दोषी ठरल्यास कायमचे कमी करण्यात येईल."

गोदा मधेच हसायला लागली. "यानं लिवली? आवो बाय, यो पगाराला आंगठा उठवतो! सोताचा नाव येत नाय याला, चिठ्ठी लिवतोय!" मग तिचं हसू थांबलं. "मंग तू हो कंला बोल्लास रं?"

"एकदा हो बोल्लो," सहदेव म्हणाला. "मंग इचारतील त्या सगल्यालाच हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाय, ती चिठ्ठी कोनाची?"

मी दुसऱ्यांदा गप्प राहिले. गोदा आत गेली.

सहदेव मला पुलापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, माझी हाय असं का म्हणालास? तो सहज म्हणाला, "तू माज्याकरं बघितलंस ना. मना वाटला, तू सांगतंस, घे म्हनून. पोरीची जात, पोलिसांत कशी पाठवायची." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला परतीची वाट सोपी गेली असती.

तुला काय वाटलं ते शेवटी, असं तू शिकवलंस. मला वाटतं ते हे. यादी चुकली की ज्याने केली त्याने ती दुरुस्त करायची. मी कोर्टात उभी राहून सांगणार आहे की तलवार आमच्या घरची, पेटीत मी ठेवली, सहदेवला ठाऊक नव्हतं. ते माझं ऐकतील न ऐकतील, पण चिठ्ठी तर पोलिसांकडेच आहे. ते अक्षर कोणाचं, हे दाखवायला मी तुझी पत्रं बरोबर नेणार आहे. परवा आलेलंही. तुझा तो "भ" आणि शिरोरेषेच्या शेवटचं वळण कुणालाही ओळखता येईल. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. परवानगी मागत नाही. मागितली तर तू नाही म्हणशील, आणि मग मी ऐकेन.

काल संध्याकाळी मी खिळ्यावरच्या कॅलेंडरात एका तारखेभोवती शाईने गोल केला. बाबांना काही सांगितलं नाही. आज सकाळी चहाचा पेला हातात घेऊन ते त्यासमोर बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोर्ट अकराला भरतं. आपल्याला आठच्या आत निघावं लागेल."

आपल्याला, असं म्हणाले.

दर पत्राच्या शेवटी मी "तुझी आज्ञाधारक" लिहिते. या वेळी तो शब्द सोडते आहे. राग मानू नकोस. सोमवार, ता. १४ मार्चला संध्याकाळी घरी आल्यावर मला अजून तो लिहिता येतो का, ते पाहीन.

तुझी
मंदाकिनी