पखालवाल्याचे नेतृत्वगुण

तेवढ्यात वीज गेली आणि पंखा थांबला, पण मी थांबलो नाही. पखालवाल्याच्या अंगचा तिसरा नेतृत्वगुण मी संस्थेच्या संचालकांना घाम पुसत पुसतच सांगितला.

नीळकंठ भाऊजी, साष्टांग नमस्कार. (घाईत तो खाली घसरला, क्षमा असावी.) ताईचा गुडघा कसा आहे? इथे मारेगावात कापूस सोडून सगळं ठीक आहे. भाव पडल्याचं हे दुसरं वर्ष. आमच्या संस्थेचे अध्यक्ष फुलचंदजी यांच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी छपराला टेकल्या आहेत आणि गिऱ्हाईक नाही.

आमच्या कॉलेजचं प्राचार्यपद रिकामं झालं. उमेदवार दोन: मी आणि भूगोलाचा इम्तियाज. (तो वर्षभरात जेवढं बोलतो तेवढं मी हजेरी घेताना बोलतो.) दोघांनी नेतृत्वावर बोलावं असं ठरलं. स्वतःची स्तुती बरी दिसत नाही, म्हणून मी बी.ए.ला असताना तुम्ही मला वाचायला लावलेली ती गडाच्या वेढ्याची जुनी कादंबरी घेतली. तिच्यातल्या सरदारावर सगळे प्रबंध लिहितात, कारण तो भाषणं देतो. गडावर कातडी पखालीतून पाणी वाहणारा पखालवाला तीन पानांत येऊन जातो, त्याला नावही नाही. पण तळं आटत चाललंय हे आधी त्यालाच दिसतं, आणि कोणाला न विचारता तो दुसरीकडे खणायला लागतो. गडाचा खरा नेता तोच, असं मी सिद्ध केलं. हा पखालवाला आजच्या काळात कोण, ते उघड होऊ नये पण कळावं, म्हणून पखालीचं ओझं वर्णन करताना स्वतःचा खांदा दोनदा चोळला.

मग इम्तियाज उठला. "सरांनी सांगतलं तेच," म्हणाला आणि बसला.

फुलचंदजी गहिवरले. "मास्तर, आज तुम्ही डोये उघडले आमचे! बोलनाऱ्याइनं कोनाचं भलं केलं? चूप राह्यते तोच खरा लीडर." लगेच नेमणूक झाली. इम्तियाजची. माझं भाषण परिणामकारक झालं नाही, असं शत्रूही म्हणणार नाही.

खरं कारण चहाच्या वेळी कळलं. ग्रंथालयाच्या दालनात गाठी ठेवायच्या आहेत, आणि त्यासाठी न कुरकुरणारा प्राचार्य हवा. "पुस्तकं कायले एवढी जागा खाऊन राह्यली? लावा एकावर एक," अध्यक्ष म्हणाले. इम्तियाजने बशी खाली ठेवली आणि तो गप्प राहिला. अध्यक्षांनी ती संमती धरली.

जिथे पोरं वाचत बसतात तिथे गाठी! वाङ्मयाचा माणूस म्हणून मी याचा तीव्र निषेध केला. (मनात.)

आपला,
स्वानंद

ता. क. फुलचंदजी तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. इम्तियाज ऐन वेळी आडवा येईल अशी मला शंका आहे. आला, तर माझं नाव सुचवावं. गाठींना माझी हरकत नाही, हेही सांगावं. कवितेचं कपाट तसंही कोणी उघडत नाही.

पुन्हा ता. क. काल हे पत्र टपालात टाकायचं राहिलं. आज सकाळी गाठींचा ट्रक आला. फाटकाला आतून कुलूप होतं. "अरे, काही बोला ना बाप्पा!" असं फुलचंदजी बाहेरून ओरडत होते. इम्तियाज आत नद्यांचा तास घेत होता. पोरं मागच्या कुंपणातून शिरत होती. त्यांच्यामागून मीही शिरलो आणि मस्टरवर सही केली. दहाच्या सुमारास ट्रक परत गेला.