झाकणावरचा शेंदूर

केळापूर, ता. २७ ऑक्टोबर १९६१

चि. मारोतराव यांस भगवानरावाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. राळेगावात तुमचं इंजिन-दुरुस्तीचं दुकान जोरात असल्याचं ऐकतो. तुमची बहीण कोकिळा खुशाल आहे. मागच्या छपरीत तिचं वेगळं, निवांत चाललं आहे. माझ्या धाकट्या बायकोला दिवस गेले आहेत.

आता काम. नागपूरहून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली. पंचक्रोशीत असं यंत्र नाही. दसऱ्याला तिची थाटात पूजा केली. दरवर्षी लखीराम नायकाच्या तांड्यावरचे लाकूडतोडे आपल्या कुऱ्हाडी आमच्या पूजेत मांडतात. यंदा मी साफ सांगितलं की त्या उचला, यंत्राशेजारी भंगार कायले. मग करवतीला हार घातला आणि तुमच्या बहिणीकडून तेलात कालवलेला शेंदूर चांगला थापून घेतला. तेव्हापासून ती रुसली आहे. पेट्रोल भरलं की दोन मिनिटं गुरगुरते आणि गप्प. मग दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळतो, पण ती ढिम्म.

कोकिळेच्या नावच्या शेतातले, धुऱ्याच्या बांधावरचे तीस साग तोडायचे आहेत. परवाना ३० नोव्हेंबरपर्यंतच आहे. तांड्याने ठरवून टाकलं आहे की माझ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, आणि आजूबाजूचे तांडेही त्यांचंच ऐकतात. उपाय उलट टपाली कळवा. आमच्यावर माया आहे ती आटू देऊ नका.

तुमचा,
भगवानराव


राळेगाव, ता. १ नोव्हेंबर १९६१

ती. स्व. भाऊजींच्या सेवेसी मारोतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. एवढं मोठं यंत्र आणि तुमच्यासारख्या माणसापुढे ते अडून बसतं म्हणजे काय! घाबरू नये. प्लग काढून काचकागदाने घासावा आणि चुलीजवळ शेकावा. टाकीतलं पेट्रोल धोतराच्या दुहेरी पदरातून गाळावं. प्लग बाहेर असताना दोरी रोज शंभर वेळा ओढावी, म्हणजे आतलं मोकळं होतं. ओढणारे हात मालकाचेच असावेत, यंत्र हात ओळखतं.

एक मात्र विसरू नये. टाकीचं झाकण गच्च आवळावं, वर कापडाची चिंधी बांधावी. पेट्रोलची वाफ उडून जाते.

दुकानात कामाची गर्दी असल्याने येणं होत नाही. राग नसावा, आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
मारोती


राळेगाव, ता. १ नोव्हेंबर १९६१

ती. कोकिळाताईस मारोतीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लखीराम नायकाच्या हाती देतो आहे. तो इकडे लेकीच्या तांड्यावर आला होता. वाचून चुलीत घाल.

भाऊजींचं पत्र वाचता वाचताच मला रोग कळला. करवतीच्या टाकीच्या झाकणाला सुईएवढं छिद्र असतं. पेट्रोल खाली जाईल तशी तिथून हवा आत जाते. तू तेलातला शेंदूर त्या झाकणावर थापलास आणि तो वाळून छिद्र बुजलं. हवा नाही म्हणून इंजिनापर्यंत पेट्रोल नाही. तुझी चूक नाही, यंत्राच्या पाठीवरचं ते झाकण डोक्यासारखंच दिसतं आणि आपण देवाला डोक्यापासूनच शेंदूर लावतो. आता सुई खुपसली की यंत्र चालू. न खुपसली तर ३० तारीख निघून जाईल.

ते साग बाबांनी तुझ्या जन्माच्या वर्षी लावले आणि शेत तुझ्या नावावर करून दिलं. बियाण्याचा कागद आहे म्हणून भाऊजींनी तुझी सही घेतली, तो झाडतोडीचा अर्ज होता, हे मला लखीरामकडून कळावं! आठ वर्षांपूर्वी सवत आणली तेव्हा मी गप्प बसलो. तुला छपरीत काढलं तेव्हाही बसलो. आता मला त्या माणसाचे हात फोडांनी भरलेले बघायचे आहेत, हे तुझ्यापाशी लपवत नाही. पण शेत तुझं, झाडं तुझी. काय करायचं ते तूच ठरव.

धाकट्यावर लोभ ठेव.

तुझा,
मारोती


केळापूर, ता. १९ नोव्हेंबर १९६१

चि. मारोतराव यांस अ. उ. आ.

तुम्ही लिहिलं ते सगळं केलं. दोन्ही तळहात फुटले, भाकरी मोडता येत नाही. पांढरकवड्याचा मोटार-मिस्त्री येऊन नवा प्लग घालून गेला. त्याच्यापुढे दोन मिनिटं चालली, तो वळला की बंद.

आता यंत्रावर देवाचा कोप झाला असं मला वाटतं. तुमच्या बहिणीचंही तेच म्हणणं पडलं. ती आपणहून दर शनिवारी उपास धरून यंत्राला शेंदूर चढवते. कालचा तिसरा शनिवार. आठ वर्षांत तिची एवढी निष्ठा मी पाहिली नव्हती. धाकटी हसली, तिला मी दटावलं.

अकरा दिवस उरले. मुदत वाढवायची तर कोकिळेची पुन्हा सही लागते, आणि या वेळी ती म्हणते की आधी कागद वाचीन. लखीरामच्या दारातही जाऊन आलो. तो म्हणाला की मालक, भंगार आहे, तुमच्या कायच्या कामाचं? मारोतराव, तुमच्याशिवाय कोणी नाही. काही करा, मेहुण्याला अंतर देऊ नका.

तुमचा,
भगवानराव


केळापूर, ता. २ डिसेंबर १९६१

चि. मारोतीस कोकिळेचे अ. उ. आ.

परवा परवाना संपला. तीसही झाडं उभी आहेत. मी मोजून आले.

तू ठरव म्हणालास, पण ठरवायला मला एक रात्रही लागली नाही. फक्त एक गोष्ट मनाला डाचत होती. तुझ्या भाऊजींना कळलंच नाही तर? देवावर ढकलून ते मोकळे होतील आणि मी छपरीतली गरीब बाई ती तशीच राहीन. ते मला नको होतं.

म्हणून काल सकाळी मी लखीरामला आणि तांड्यावरच्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. धाकटीलाही खाट देऊन बसवलं, तिचा काय दोष. सगळ्यांसमोर झाकणावरचा शेंदूर खरवडला, तू लिहिलं होतंस तसं गोधडीच्या सुईने छिद्र मोकळं केलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला करवत अशी ओरडली की कोंबड्या उडून कुडावर बसल्या. दोन मिनिटं झाली, पाच झाली, बंद पडेना.

यांनी पुढे येऊन झाकण निरखलं. ते म्हणाले की तुले माहीत होतं तर सांगितलं काहून नाही. मी सांगितलं की आठ वर्षांत तुम्ही मला काही विचारलंच नाही.

मग ती चालू करवत मी त्यांच्या फुटलेल्या हातांत दिली आणि म्हटलं की घ्या, कापा. ते धरून उभे राहिले. परवान्याविना कापायला काही नव्हतं. पेट्रोल संपेपर्यंत ते तसेच उभे होते आणि तांड्यावरचं कोणी जागचं हललं नाही.

मला वाटलं होतं की त्यांच्याकडे पाहून मला वाईट वाटेल. नाही वाटलं.

जीव लावतोस तसाच लावत जा.

तुझी ताई,
कोकिळा