धुक्यातली रिकामी जागा

बर्गन, मंगळवार

प्रिय आईस,

मी मजेत आहे. तू विणलेले मोजे रोज घालते.

कामावरचं राक्षसनगरीचं चित्र होत आलंय. नजर आधी बुरुजावर जावी म्हणून सगळ्या वाटा, फांद्या, उजेड तिकडेच वळवलाय. तळं मात्र आपल्या घरामागचंच घेतलंय.

आमच्या स्टुडिओत नवं चित्र सहकाऱ्यांना क्षणभर दाखवून झाकतात आणि नजर कुठे गेली ते विचारतात. काल पाचही जणांनी तळ्यावरच्या धुक्यावर बोट ठेवलं. तिथे मी काहीच काढलेलं नाही गं!

“बुरूज कोण बघतंय, बाई?” शेजारी बसणारा आस्लाक म्हणाला. “धुक्यातला तो लाल टोपीवाला म्हातारा झकास जमलाय.”

बाबा अजून एकटेच तळ्यावर होडी घेऊन जातात का? त्यांची लाल टोपी खुंटीवर आहे का, तेवढं बघून लगेच कळव.

तुझीच,
इंगुन