पासून आणि पर्यंत

द्वारका, नाशिक
मंगळवार

प्रिय शेखर,

अनेक आशीर्वाद. नांदगावच्या एसटीने पाठवलेलं सामान काल पोचलं. बाजरीचा कट्टा, अर्धी गोणी कांदे, शेंगदाणे आणि तुझ्या सिंधूने केलेल्या कुरडयांचा डबा. कंडक्टरला शंभर दिले, स्टँडवरून घरापर्यंत रिक्षाला ऐंशी. रिक्षावाला दीडशेवर अडून बसला होता, मी दुसऱ्या रिक्षाकडे वळले तेव्हा जागेवर आला. बाजरी चांगली आहे. तळाचे थोडे कांदे दबले होते, त्यांची रात्री भाजी केली. ज्या बहिणीशी हायकोर्टात भांडतोस तिला दरवर्षी घरचं धान्य पाठवतोस, यावर आमच्या वकिलांचा अजून विश्वास बसत नाही. यात काही डाव असेल म्हणतात. मी म्हटलं, डाव असता तर त्याने कांदे तरी निवडून पाठवले असते.

त्याच वकिलांचा परवा सकाळी फोन आला. मी पूजेला बसले होते. आपलं प्रकरण नव्या जज्जसाहेबांकडे गेलंय, असं ह्यांनी दारातूनच सांगितलं आणि माझ्या हातातली घंटा थांबली. आरती अर्धवट टाकून मी आयुष्यात उठले नव्हते, परवा उठले. नवे साहेब म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. बाबा कधी गेले, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं, खालच्या कोर्टात मी कशी जिंकले आणि जिल्हा कोर्टात तू कसा जिंकलास, सगळी गोष्ट पुन्हा सांगायची. लहान मुलाला रोज तीच गोष्ट सांगतात तशी. फरक एवढाच, की मूल ऐकता ऐकता झोपतं तरी.

मॅट्रिकला मी पेशव्यांचा क्रम पाठ केला होता, तो आता विसरले. आपल्या जज्जसाहेबांचा क्रम मात्र झोपेतून उठवून विचार. पहिले पांढऱ्या केसांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी अपील दाखल करून घेतलं आणि ते रिटायर झाले. दुसरे मला फार आवडले. कागदन् कागद वाचून आलेले. तुझ्या वकिलांना त्यांनी एकच विचारलं, सही घेण्याआधी बहिणीला कागद वाचून दाखवणार होता का? तुझे वकील फाईल चाळत बसले. त्या संध्याकाळी मी काळारामाला गेले, तूप-साखरेचा नैवेद्य ठेवला आणि म्हटलं, देवा, या माणसाचं भलं कर. देवाने केलं. पुढच्या तारखेआधीच त्यांना दिल्लीला सुप्रीम कोर्टात बढती मिळाली. हे अजून मला चिडवतात, की मागताना निकालानंतर भलं कर असं म्हणायला काय झालं होतं.

तिसऱ्यांपुढे माझी बाजू सांगून झाली, तुझी राहिली, आणि त्यांची बदली दुसऱ्या राज्यात झाली. चौथ्यांनी फाईल उघडली, नावं वाचली आणि मिटून ठेवली. वकील असताना त्यांनी याच प्रकरणात तुला सल्ला दिला होता, तेव्हा हे माझ्यापुढे नको म्हणाले. बरोबरच वागले ते. पण प्रामाणिक माणसाचाही राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं. आता हे पाचवे. दोष कोणाला द्यायचा ते तरी सांग. सगळे चांगले, सगळे शिकलेले, आणि आपलं जिथल्या तिथे.

त्या चौथ्यांच्या दिवशी आपण दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. माझ्या डब्यातल्या दशम्या तू खाल्ल्यास, तुझी चटणी मी खाल्ली, आणि वकील लोक आपल्याकडे वळून वळून बघत होते. समोर भिंतीवर आजवरच्या जज्जांची पाटी होती. वरची नावं सगळी इंग्रजांची, मग मध्येच एखादं आपलं, मग आपलीच आपली. बाईचं नाव शोधायला मला चष्मा पुसावा लागला. पार खाली उतरल्यावर सापडलं. प्रत्येक नावापुढे दोन तारखा. तू ती पाटी बराच वेळ वाचलीस आणि म्हणालास, "ताई, ह्या सगळ्यांना पासून आहे नि पर्यंत आहे. आपल्या केसला नुसतंच पासून." मी हसले. गाडीत बसल्यावर मात्र रडू आलं. ह्यांना वाटलं, डोळ्यांत काही गेलं.

तुला वाटतं मी जमिनीसाठी लढते. गावालाही तेच वाटतं. बाबांच्या वर्षश्राद्धाला तू मला साडी दिलीस आणि घडीत हक्कसोडीचा कागद ठेवलास. सगळ्याच बहिणी सही करतात, तलाठी बाहेर थांबलाय, एवढंच म्हणालास. मला एका शब्दाने विचारलं असतंस, ताई, तुला काय वाटतं, तर मी कदाचित तिथेच सही केली असती. पण तुला मला विचारायचंच नव्हतं. मी नाही म्हणाले, तेव्हा तू साडीसुद्धा परत घेतली नाहीस. ती मी अजून नेसलेली नाही.

एवढं लांबण लावून लिहितेय त्याचं कारण सांगते. गावातल्या आपल्या शेजारच्या लंकाबाई लेकीकडे देवळाली कॅम्पला आल्या होत्या, जाताना माझ्याकडे चहाला थांबल्या. बोलता बोलता म्हणाल्या, तेजस्विनीचं लग्न ठरलंय ना, तर शेखरभाऊ लग्नाआधीच लेकीची हक्कसोड करून घेणार आहेत, म्हणजे तिच्या भावाला, संतोषला पुढे त्रास नको. तुमच्यावरून शहाणे झाले म्हणायचे, असंही म्हणाल्या. मी चहा गाळत होते, तो अर्धा बाहेर सांडला. शेखर, एवढ्या साहेबांनी एवढ्या वेळा आपली गोष्ट ऐकली, आणि त्यातून तू हे शिकलास? मी पाचव्या साहेबांपुढे काहीच मांडणार नाही. तू ये, आपसात मिटलं म्हणून दोघं सांगू. जिल्हा कोर्टात जिंकलास ते तुझंच राहू दे. फक्त जो हिस्सा मी मागत होते तो तेजस्विनीच्या नावावर कर, आणि तिच्यापुढे तो कागद ठेवू नकोस. जमीन तुझ्याच घरात राहील. हे जमत नसेल तर तसं स्पष्ट कळव. मग सहावे येवोत, सातवे येवोत, मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगेन, आणि त्यात तेजस्विनीचंही सांगेन. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं हो हो, बघू म्हणतोस. हो किंवा नाही, तुझ्या हाताने लिहून उलट टपाली कळव.

तुझीच,
यशोदाताई